पुंजारामच्या तेराव्याचं जेवण

पुंजाराम मेला की त्याच्या तेराव्याला पोटभर जेवायचं आणि तोवर आपण मरायचं नाही, असं चतुराबाईनं ठरवून टाकलं होतं. बोलली कोणापाशी नव्हती. पुंडलिकनगरातल्या घराच्या ओट्यावर बसून ती तांदूळ निवडायची, समोरच्या घराच्या फाटकाकडं बघायची आणि खडा सापडला की तो त्या फाटकाच्या दिशेनं जरा जोरातच भिरकावायची. एवढंच काय ते बाहेर दिसायचं.

पुंजाराम तिचा भाया, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. पांढरी टोपी, इस्त्रीचा सदरा, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं, आपल्याला गूळपाणी दिलं. गल्लीतली पोरं त्याला आबा म्हणायची. कोणाचं लग्न जमवून दे, कोणाच्या भांडणात मध्ये पड, कोणाला दवाखान्यात पोचव, सगळ्यात तो पुढं. दुष्ट माणसं दुष्ट दिसली असती तर चतुराबाईचं काम फार सोपं झालं असतं.

बिडकीनच्या अलीकडं त्यांची शेती होती. दोघा भावांच्या वाटण्या झाल्या, पण विहीर सामाईक राहिली आणि विहिरीवरची मोटारही. एक दिवस पुंजारामनं पाणी घ्यायचं, दुसऱ्या दिवशी फकिरानं. ज्याचा दिवस त्याची बारी. फकिरा म्हणजे चतुराबाईचा नवरा. कमी बोलणारा, झाडांत रमणारा. त्यानं आपल्या वाट्यात मोसंबी लावली. बाग फळाला येते न येते तोच काविळीचं निमित्त झालं आणि तो गेला. शिवराज, त्यांचा एकुलता मुलगा, तेव्हा शहरात शिकायला होता. बाग चतुराबाईच्या पदरात पडली. तिनं ती सांभाळली. झाडांभोवतीची आळी स्वच्छ ठेवायची, खोडांना चुना-मोरचुदाचा लेप द्यायची, आणि कोणी आसपास नाही असं बघून एखाद्या झाडाला सांगायची, ‘‘त्यांनी लावलंय तुला, ध्यानात ठेव.’’

मग २०१२ सालचा पाऊस आला नाही. विहिरीनं तळ दाखवला. झऱ्यांतून पाझरून जेवढं साचेल तेवढंच पाणी मोटार ओढायची, आणि लगेच नुसती हवा धरून ओरडायला लागायची. एका सकाळी चतुराबाई आपल्या बारीला विहिरीवर गेली, तर स्टार्टरच्या पेटीला कुलूप.

पुंजाराम बांधावर उभा होता. ‘‘कोरडी मोटार चालली तर जळंल, म्हणून लावलंय,’’ तो म्हणाला.

‘‘पण दादा, आज माझी बारी हाय.’’

‘‘व्हय की. मी कुठं नाय म्हणतो? चावी कुठंतरी ठेवलीय, घावली की पाठवतो.’’

चावी घावली नाही. तिच्या बारीच्या दिवशी कधीच घावली नाही. तिच्या झाडांची पानं वळत गेली, आणि बांधापलीकडं पुंजारामच्या बागेतली आळी मात्र तिच्या बारीच्या सकाळीही ओली दिसायची.

ती चावी कुठं आहे हे चतुराबाईनं एकदा डोळ्यांनी पाहिलं. पुंजाराम विहिरीजवळच्या हौदावर अंघोळ करत होता. ती बांधावरून येत होती. चावी त्याच्या करदोड्याला लटकत होती. चतुराबाईनं पदर ओढला, मान फिरवली आणि घरी आली. भायासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, नजर वर करायची नाही, अशी त्या घरची रीत. त्याच्या कमरेला काय लटकतंय हे बाईनं बघणंच वाईट, मग ते सांगायचं कोणत्या तोंडानं?

बाग वाळली. साल तडकली, झाडांचं सरपण झालं. तेव्हा भावकीची बैठक बसली, मारुतीच्या देवळात. भावकीतले सगळ्यांत वडीलधारे सांडू नाना मध्ये बसले. पुंजाराम हळहळून म्हणाला, ‘‘बाई एकटी. दिवसभर राबती, दमून निजती. बारीला उठणं झालं नाय तिच्यानं. म्या काय दोष देत नाय.’’

कुलपाची कुणकुण सांडू नानांच्या कानावर आली होती. त्यांनी विचारलं, ‘‘चतुराबाई, तू सांग. पेटीला कुलूप व्हतं का? आन चावी कोणापाशी व्हती?’’

सगळ्या माना तिच्याकडं वळल्या. सांगायचं ते जिभेच्या टोकावर होतं. पण टोकावर आला तो करदोडा, हौद, ओलं अंग. तिचे कान तापले. गुडघे लटलट कापायला लागले. घसा असा आवळला की थुंकी खाली जाईना. डोळ्यांपुढं काळोखी आली आणि ती खांबाला धरून खाली बसली. एक शब्द फुटला नाही.

सांडू नाना वाट बघून म्हणाले, ‘‘खरं असतं तर बोलली असती.’’

झालं. निकाल लागला. बैठक उठली. त्यानंतर भावकीत कोणी लग्नाला उशिरा आलं, कोणाची एसटी चुकली, कोणाचं दूध उतू गेलं, की लोक हसून म्हणायचे, ‘‘काय, चतुराबाईची बारी झाली व्हय?’’ लहान पोरंही म्हणायची. शिवराज नाही म्हणायचा, पण एकदा जेवताना तो म्हणाला होता, ‘‘आई, कुलूप होतं तर तेव्हा बोलायचं ना.’’ ते ‘तर’ चतुराबाईच्या पोटात रुतलं. बाप गेला, बापाची बाग गेली, आणि ती आईच्या झोपेनं गेली असं पोराला निम्मं तरी वाटतंय. फकिराच्या फोटोला हार घालताना तिला त्याच्याकडं बघवेना.

याच दिवसांत कधीतरी तिनं मारुतीला साक्षी ठेवून ठरवलं. तेराव्याला जेवायचं.

पुढं जमीन औद्योगिक वसाहतीत गेली. पुंजारामची हिरवी बागही गेली, पण त्यात चतुराबाईला समाधान मिळालं नाही, कारण ती तिनं घालवली नव्हती. सगळी भावकी उठून शहराकडं सरकली. शिवराजला शेंद्र्याला कंपनीत काम लागलं, त्यानं पुंडलिकनगरात घर घेतलं, लग्न केलं. शहर चारी बाजूंनी सुटलं होतं. कालच्या ज्वारीच्या रानात आज प्लॉटच्या पाट्या. एवढ्या पसरलेल्या शहरात पुंजारामला जागा मिळाली ती बरोबर समोरची. त्याची बायको कडूबाई, चतुराबाईची जाऊ, साधी बाई. ती हरखून म्हणाली, ‘‘मायबाई, बरं झालं. आपलं माणूस आपल्या नजरंसमोर.’’

‘‘व्हय,’’ चतुराबाई म्हणाली, ‘‘नजरंसमोरच.’’

पुन्हा पावसानं पाठ फिरवली. शहरात नळाला पाणी येण्याचे दिवस लांबत गेले. ज्या दिवशी यायचं त्या दिवशी पुंजारामच्या घरात मोटार सुरू व्हायची आणि चतुराबाईच्या नळाची धार करंगळीएवढी व्हायची. ती घुंघुं सुरू झाली की तिच्या मानेच्या शिरा ताठायच्या, कानात गरम वारं शिरायचं, छातीत कोणी दार ठोठावतंय असं व्हायचं. एका पाण्याच्या दिवशी ती हंड्यासकट नळापाशी कोसळली. सून तनुजानं तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी ब्लडप्रेशर बघितलं, पुन्हा बघितलं, आणि विचारलं, ‘‘आजी, राग कोणावर आहे?’’

‘‘कोणावर नाय.’’

‘‘गोळी देतो, ती रोज घ्यायची, चुकवायची नाही. पण गोळी एकटी किती ओढणार? हा जो कोणी ‘कोणावर नाय’ आहे ना, तो मजेत राहील. आधी तुम्ही जाल.’’

मरणाची चतुराबाईला भीती नव्हती. पण हा क्रम तिला चालण्यासारखा नव्हता. ती रिक्षात बसली. मग तनुजाला म्हणाली, ‘‘काय काय करायचं म्हणाला डॉक्टर? समदं सांग. म्या समदं करते.’’

दवाखान्यातली फिजिओथेरपिस्ट अश्लेषा दर गुरुवारी सकाळी कोपऱ्यावरच्या देवळाच्या सभामंडपात ब्लडप्रेशरवाल्यांचा वर्ग घ्यायची. तरुण मुलगी, चष्मा, बोलायला स्वच्छ. ती म्हणाली, ‘‘समोर साप आला तर शरीर काय करतं? काळीज धडधडतं, अंग ताठतं, तोंड कोरडं पडतं. पळायची नाहीतर मारायची तयारी. साप गेला की शरीर पुन्हा जाग्यावर येतं. पण आपला साप जातच नाही. तो रोज डोक्यात असतो. म्हणून शरीर रात्रंदिवस तयारीतच उभं. ते थकणार नाही का?’’

मग तिनं शिकवलं. श्वास नाकानं सावकाश घ्यायचा, आणि सोडताना त्याहून सावकाश, लांब, फुंकर घातल्यासारखा. खांदे खाली. जबडा सैल. ‘‘सोडणं महत्त्वाचं,’’ ती सांगायची. ‘‘लांब सोडला की काळजाला निरोप जातो, साप गेला म्हणून.’’

चतुराबाईला हे पटायला वेळ लागला नाही. तिच्या गोठ्यात गाय होती, तेव्हाचं तिला आठवलं. परका माणूस दारात उभा राहिला की गाय पान्हा चोरायची. मारा, ओढा, थेंब निघायचा नाही. मग चतुराबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत बसायची, आपणही संथ व्हायची, आणि घटकेनं गाय अंग सैल सोडायची. तिला कळलं, त्या दिवशी देवळात आपल्या अंगानं पान्हा चोरला होता. आपण खोटं नव्हतो. आपलं अंग भ्यालं होतं.

हे कळल्यावर तिला आनंद झाला, आणि पाठोपाठ पुंजारामचा राग दुप्पट आला.

अश्लेषानं सांगितलं होतं, श्वास सोडताना डोळे मिटून मनाला गोड वाटेल असं काहीतरी बघा. कोणी नातवंडं बघायचं, कोणी दत्ताची मूर्ती. चतुराबाई पुंजारामचं तेरावं बघायची. गल्लीत मांडव. खुर्चीवर हार घातलेला फोटो. उदबत्ती. पंगत. पत्रावळीवर पुरी, वांग्याची रस्सा भाजी, मठ्ठा आणि पिवळीधमक बुंदी. वाढपी विचारतोय, आणखी वाढू का, आणि ती म्हणतेय, वाढ. तिचे खांदे खाली यायचे. जबडा सैल पडायचा. चेहऱ्यावर असं काही समाधान उतरायचं की शेजारच्या बायका डोळे किलकिले करून बघायच्या.

महिन्याभरात तिचा वरचा आकडा खाली आला. अश्लेषा खूश झाली. ‘‘काकू, तुम्ही काय बघता हो?’’

‘‘जेवण.’’

‘‘कुठलं?’’

‘‘घरचंच. भावकीतलं.’’

‘‘बघा,’’ अश्लेषा वर्गाला म्हणाली, ‘‘काकूंसारखं साधं काहीतरी निवडा. आपल्या माणसांतलं.’’

मग एका गुरुवारी कडूबाई पुंजारामला घेऊन आली. त्यालाही ब्लडप्रेशर निघालं होतं. त्यानं सगळ्यांना रामराम घातला, चतुराबाईची हात जोडून चौकशी केली आणि पुरुषांच्या रांगेत बसला. अश्लेषानं त्याच्या दंडाला पट्टा बांधला. चतुराबाईनं शेजारून जाताना आकडा ऐकला. तिच्यापेक्षा पुष्कळ वर. त्या दिवशी तिनं मारुतीला नारळ फोडला.

पण पुंजाराम मन लावून शिकला. त्याचा आकडा उतरायला लागला. चतुराबाईनं जास्त जोर लावला. त्यानं आणखी. दोघं समोरासमोर डोळे मिटून बसायची आणि शांत होण्यात एकमेकांवर कुरघोडी करायची. अश्लेषाला वाटायचं, असे विद्यार्थी मिळायला भाग्य लागतं.

एका गुरुवारी पट्टा बांधून घ्यायला दोघं मागं-पुढं उभी होती. पुंजारामचा हात टेबलावर. चतुराबाई पदर सावरत, अगदी मऊ आवाजात म्हणाली, ‘‘दादा, पेटीची चावी घावली का हो?’’

पुंजारामनं मान वळवली. इतक्या वर्षांत ती त्याच्याशी आपण होऊन बोलली नव्हती. तो हसला, पण अश्लेषानं आकडा बघून कपाळाला आठ्या घातल्या आणि पट्टा पुन्हा बांधला. दुसऱ्यांदा तर आणखी वर.

चतुराबाईला एक दार उघडं सापडलं. श्वास कसा बसवायचा हे जिला कळलं, तिला तो कसा उखडायचा हेही कळलं होतं. पुढच्या गुरुवारी ती म्हणाली, ‘‘औंदा मोसंबी लई गोड निघाली म्हणं. तुमी खाता का, दादा?’’ त्याच्या पुढच्या गुरुवारी काही न बोलता तिनं आपल्या घराची चावी पदराच्या टोकाला बांधून त्याच्यासमोर नुसती हलवली. स्वतःचा श्वास लांब, संथ. पुंजारामच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या ती बघायची, आणि ते लालपण तिला बुंदीहून गोड लागायचं.

अश्लेषाच्या लक्षात आलं. तिनं चतुराबाईला बाजूला घेतलं. ‘‘काकू, मी शिकवते ते तुम्ही उलटं वापरताय.’’

‘‘म्या काय केलं? चावीचं इचारलं.’’

‘‘त्यांना त्रास होतो हे तुम्हाला दिसतं. माझ्या वर्गात हे चालणार नाही.’’

‘‘बरं बाई,’’ चतुराबाई म्हणाली, आणि तिनं ते ऐकलंही असतं की नाही कोण जाणे. पण पुढच्या गुरुवारी पुंजाराम आलाच नाही. कडूबाई रडत ओट्यावर आली. त्याचा डावा हात एकाएकी बधिर झाला होता, तोंड जरा वाकडं झालं होतं. दवाखान्यात नेला, वेळेवर नेला म्हणून वाचला. आता बरा आहे, पण जपा म्हणालेत.

चतुराबाईनं जावेच्या पाठीवरून हात फिरवला, पाणी दिलं, बोलायचं ते बोलली. ती गेल्यावर तिनं दोन भाकरी ठेच्याबरोबर खाल्ल्या. मग भिंतीला टेकून डोळे मिटले आणि आपलं रोजचं चित्र काढलं. मांडव, फोटो, उदबत्ती, पंगत.

पण आज पंगत बोलायला लागली. सांडू नाना हात धुता धुता म्हणत होते, ‘‘लई भला माणूस गेला. समद्यांना सांभाळून घेतलं. भावाच्या बायकोनं झोपेत बाग घालवली, पर कधी वाकडा शब्द नाय काढला.’’ सगळी पंगत माना हलवत होती. शिवराजही. कोणीतरी डोळे पुसले. फोटोतला पुंजाराम हसत होता, आणि चतुराबाईच्या तोंडात बुंदी होती.

तिनं डोळे उघडले तेव्हा छातीत पुन्हा कोणी दार ठोठावत होतं. मेलेल्या माणसाला कोणी नाव ठेवत नाही. हे आपल्या ध्यानात कसं आलं नाही? पुंजाराम गेला की त्याच्याबरोबर चावीही सरणावर जाणार. मग जे त्यानं सांगितलं तेच कायमचं खरं. तेराव्याचं जेवण तिला मिळेल, पण बुंदीबरोबर हेही गिळावं लागेल.

तेव्हा पुंजारामनं जगायला पाहिजे होतं. निदान काही दिवस.

दुसऱ्या दिवसापासून चतुराबाई सकाळी फाटकापाशी जाऊन विचारू लागली, ‘‘जाऊबाई, दादांनी गोळी घेतली का? मीठ कमी टाका. त्यांना म्हणावं, बसल्या बसल्या श्वास लांब सोडा.’’ पाण्याच्या दिवशी मोटारीची घुंघुं ऐकली तरी तिनं दातांत राग धरून फुंकर सोडली. कडूबाईनं गल्लीभर सांगितलं, माझी जाऊ म्हणजे सख्खी बहीण. पुंजाराम मात्र खिडकीतून तिच्याकडं बघायचा तेव्हा त्याचा चेहरा उतरायचा. त्याला तिच्या शिव्या परवडल्या असत्या. ही काळजी कसली, ते त्याला समजत नव्हतं.

पुंजाराम हिंडूफिरू लागला. पाण्याअभावी त्याच्या घराची वास्तुशांत लांबत राहिली होती. आता कडूबाईनं हट्ट धरला, टँकर मागवू पण करूच. गल्लीत मांडव पडला. जीप भरभरून भावकी आली. पूजा उरकली. पुरुष खुर्च्यांवर, बायका सतरंजीवर, आणि पंगतीची तयारी चाललेली. कन्नडहून यायचा सांडू नानांचा पुतण्या कचरू तेवढ्यात धापा टाकत आला.

‘‘या, या,’’ कोणीतरी ओरडलं, ‘‘चतुराबाईची बारी झाली व्हय?’’

मांडवभर हसू पसरलं. पुंजारामही हसला. हसून त्यानं, सवयीनं, टोपी सारखी केली.

चतुराबाईचे कान तापले. गुडघ्यांत कापरं सुटलं. घसा आवळायला लागला. तिनं ते सगळं ओळखीच्या पाहुण्यासारखं येताना पाहिलं. खांदे खाली सोडले. जबडा सैल केला. श्वास घेतला आणि सोडला, लांब, शेवटपर्यंत. पुन्हा. साप समोरच होता, पण आता ती त्याच्याकडं बघू शकत होती. डोक्यावरचा पदर नीट करून ती उभी राहिली.

‘‘नाना,’’ ती सांडू नानांना म्हणाली, ‘‘मागं तुमी देवळात एक इचारलं व्हतं. त्याचा जबाब द्यायचा ऱ्हायलाय.’’

हसू थांबलं.

‘‘पेटीला कुलूप व्हतं. माझ्या दर बारीला व्हतं. चावी दादांच्या करदोड्याला व्हती. हौदावर अंघोळ करताना म्या पाह्यली. भायाच्या कमरंला काय हाय ते बाईनं सांगू नये, म्हणून तवा जीभ उचलली नाय. आता म्हातारी झाले. आता सांगते.’’

तिचा आवाज वर गेला नाही, कापला नाही. भाजीत मीठ किती घातलं ते सांगावं तसं तिनं सांगितलं. म्हणूनच ते मांडवाच्या टोकापर्यंत गेलं.

पुंजाराम उठला. गोड बोलायला त्यानं तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. चेहऱ्यावरचा रंग उडाला. हात लटपटायला लागले. ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. तो खुर्चीच्या पाठीला धरून खाली बसला.

त्याच्या आत काय चाललंय हे चतुराबाईला त्या मांडवात सगळ्यांत जास्त माहीत होतं. कानातलं गरम वारं, कोरडी जीभ, डोळ्यांपुढची काळोखी. ती हात बांधून बघत राहिली. थोडा वेळ तिनं त्याला तिथंच राहू दिलं. तेवढा वेळ तिचा होता.

सांडू नाना मान हलवून म्हणाले, ‘‘खोटं असतं तर बोलला असता.’’

भावकीनं सुस्कारा टाकला. निकाल लागला होता. चतुराबाईला तो फुकट मिळत होता.

‘‘थांबा, नाना,’’ ती म्हणाली. ‘‘तसं नसतंय. घसा बंद पडला की खरंबी आत ऱ्हातं, खोटंबी आत ऱ्हातं. तवा तुमी माझ्या गप बसण्यावर निकाल दिला. मला तसला निकाल नको.’’

ती पुंजारामसमोर जाऊन बसली. कडूबाई पदर तोंडात धरून उभी होती.

‘‘दादा, श्वास सोडा. घेऊ नका, आधी सोडा. गुरुवारी करता तसा. लांब. अजून. खांदे टाका खाली.’’

पुंजारामनं सोडला. वर्गातल्या सवयीनं त्याचं अंग तिचं ऐकत होतं. पुन्हा सोडला. सगळी भावकी बघत होती. म्हाताऱ्या बाईनं फुंकर घालायची आणि म्हाताऱ्या भायानं तिच्यामागून घालायची. हळूहळू त्याचे हात थांबले. ओठांना रंग आला.

‘‘आता बोला. खरं असंल ते. खोटी असंन तर खोटी म्हणा.’’

पुंजारामनं मान वर केली. पळायला आता काहीच उरलं नव्हतं, अंगसुद्धा भीत नव्हतं.

‘‘चावी माझ्यापाशी व्हती,’’ तो म्हणाला.

‘‘आन बारी?’’

‘‘तिची बारी म्या नेली. दोन बागा जगण्याएवढं पाणी नव्हतं.’’

‘‘जरा मोठ्यानं,’’ चतुराबाई म्हणाली. ‘‘नानांना कमी ऐकू येतं.’’

पुंजारामनं तेच पुन्हा मोठ्यानं सांगितलं. मांडवाबाहेर आचारी झारा हातात धरून थांबला होता, त्यालाही ऐकू गेलं.

‘‘बरं,’’ ती उठत म्हणाली. ‘‘पंगत बसवा. भूक लागलीय.’’

ती पहिल्या पंगतीला, पुंजारामच्या बरोबर समोर बसली. वास्तुशांतीचं जेवण, पण पत्रावळीवर तेच होतं. पुरी, वांग्याची रस्सा भाजी, मठ्ठा, बुंदी. फोटोऐवजी माणूस होता, आणि त्याला घास उतरत नव्हता. शिवराज बुंदी वाढत आला. आईच्या पानापाशी येऊन तो थबकला.

‘‘आई, मी…’’

‘‘वाढ. मागली पंगत खोळंबलीय.’’

त्यानं वाढलं, पानाबाहेर सांडेपर्यंत वाढलं. तिनं बुंदीची एकही कळी टाकली नाही.

संध्याकाळी ती फकिराच्या फोटोसमोर जरा जास्तच वेळ बसली. तनुजा चहा घेऊन आली आणि तिनं भीत भीत विचारलं, ‘‘आत्याबाई, आबांना माफ केलं का?’’

‘‘नाय.’’

‘‘मग आता काय?’’

चतुराबाईनं बशीत चहा ओतला. सावकाश, लांब फुंकर घातली.

‘‘आता गुरुवारी वर्गाला जायचं. गोळी चुकवायची नाय. तेराव्याला तर जेवायचंच हाय,’’ ती म्हणाली. ‘‘पर आता घाई नाय.’’